चहाअंड्यांचा लेप

यू-श्यांगनं तांब्याची पट्टी इतकी घासली होती की तिच्यात बघून भांग पाडावा. पट्टीत केसासारखे बारीक चर. त्यांत पाणी उकळावं, वाफ होऊन खालच्या चिपची धग उचलावी आणि गार होऊन परत यावं, एवढंच त्याचं पाण्याकडे मागणं. पण पाणी रुसलेलं. तापूनही गप्प बसे आणि मग एकदम असं उसळे, की मागून येणारं पाणीच परत ढकललं जाई. चर कोरडे, चिप तापून बेजार.

"अजून घासतो," यू-श्यांग म्हणे. नववर्षाच्या जेवणाला आई विचारी, "पदवी कधी रे?" तेव्हाही तो हेच म्हणे.

आज दुपारी चिप बनवणाऱ्या कंपनीच्या थांगबाई पट्टी बघायला येणार होत्या. पसंत पडली तर प्रबंध पुरा, नाहीतर आणखी एक वर्ष घासकाम.

सकाळी पट्टी धुतली आणि वाळवायची भट्टी नेमकी बंद पडली. कोपऱ्यात प्रयोगशाळा सांभाळणाऱ्या सू-चिनताईचा विजेचा कुकर होता. "ही प्रयोगशाळा आहे की खाणावळ?" असं म्हणत त्याच्या मार्गदर्शक ल्याओ सरांनी तो कितीदा हाकलला होता. यू-श्यांगनं पट्टी त्याच्या रिकाम्या भांड्यात ठेवली, मंद ऊब लावली आणि तो पंप तपासायला गेला.

परतला तर खोलीभर चक्रीफुलाचा दरवळ.

"ताई, काय शिजतंय?"

"चहाअंडी. चहात नि सोया सॉसमध्ये मुरलीत मस्त. देऊ?"

"आणि तळाची पट्टी?"

"ती तुझी होय? मला वाटलं, अंडी खाली लागू नयेत म्हणून कुणा पुण्यवानानं चकती ठेवलीय!"

यू-श्यांगनं चॉपस्टिकनं पट्टी वर काढली. उगवतीचा सूर्य मावळतीला लागला होता, वर सोया सॉसची साय. धुतली, पुसली, फुंकली. रंग काही हटेना. बाहेर शिन्चू शहराचा वारा खिडकीशी शीळ घालत होता, जणू यालाच चिडवतोय.

"गेलं ताई माझं वर्ष!"

"जाऊ दे. अंडं तरी खा."

तेवढ्यात थांगबाईंना घेऊन सर आले.

"अरे, आरसा होता ना? हे काय केलंस?"

"सर... लेप दिलाय."

"कसला?"

"वनस्पतिजन्य. मंद आचेवर." ताईला ठसका लागला.

दुसरी पट्टी नव्हती. हीच बसवली. यू-श्यांगनं कळ दाबली आणि डोळे मिटून घेतले. पाणी रोजच्यासारखं उसळायची वाट बघत राहिला. ऐकू आली ती नाजूक बुडबुड. डोळे उघडले तर चराचरातून बुडबुडे निघत होते, एकामागून एक, जात्यावर एकीनं ओळ सोडावी आणि दुसरीनं उचलावी तसे. पडद्यावरची तापमानाची रेघ निजल्या बाळासारखी शांत. आरशासारख्या तांब्यावर बुडबुड्याला पाय रोवायला जागाच नव्हती. चहाच्या डागांनी त्याला हजारो पायऱ्या करून दिल्या होत्या. आणि हा भला माणूस इतकी वर्षं पायऱ्याच पुसत बसला होता!

"वा!" थांगबाई म्हणाल्या. "अशाच आणखी करून द्या. पण हा वास कसला?"

यू-श्यांगला राहवेना. "सर, चहाअंडी आहेत ती."

सरांनी कुकरकडे पाहिलं, रेघेकडे पाहिलं, थांगबाईंकडे पाहिलं. "हं. या प्रक्रियेला आम्ही आपसात तसंच म्हणतो."

पुढे अंड्यांशिवाय लेप करून पाहिला, पण तो पट्टीवर धरेना. मग कुकरवर पाटी लागली : 'लेपयंत्र. यात अन्न शिजवू नये.'

"कुकर माझा आणि बंदीही मलाच?" ताई फणफणली.

उकडलेली अंडी नियमानं 'प्रायोगिक कचरा, खाण्यास सक्त मनाई' ठरली. खाली सरांची सही. यू-श्यांग रोज ती बादलीत भरून ठेवी आणि संध्याकाळी बादलीत नुसती टरफलं उरत. त्याचा संशय अर्थातच ताईवर.

प्रबंध पुरा झाला तेव्हा तो सहीसाठी सरांच्या खोलीत गेला. सरांचे गाल दोन्ही बाजूंनी फुगलेले होते. त्यांनी मानेनंच बस म्हटलं, सही केली, पानं परत दिली. सहीशेजारी बोटाचा तपकिरी ठसा उमटला होता.

बऱ्याच वेळानं घास खाली उतरला.

"काम उत्तम आहे," सर म्हणाले. "फक्त पुढच्या लेपाला मीठ जरा बेतानं घाल."