चार फुटांचं दार

गेल्या उन्हाळ्यात शेषरावकाका रोज संध्याकाळी दारासमोरच्या वाळूच्या ढिगावर राख टाकायचे. नुसती टाकायचे नाहीत, रेघा ओढायचे. ढिगाच्या बुडाशी एक गोल रेघ, शेंड्यापासून खाली उतरणाऱ्या चार, आणि माथ्यावर स्वतःच्या पंजाचा ठसा. सकाळी दात घासायच्या आधी चष्मा लावून त्या रेघा तपासायचे. पूर्वी खळ्यावर धान्याची रास उघडी ठेवताना लोक अशी राख मारत, रात्रीतून कोणी हात घातला तर कळावं म्हणून. ज्वारीच्या राशीवर मी ते लहानपणी पाहिलं होतं. वाळूच्या राशीवर मारणारा माणूस मला एकच भेटला.

राख आमच्या घरची असायची. आमच्याकडे आंघोळीचं पाणी चुलीवर तापतं, काकांकडे नुसता गॅस. त्यामुळे पाच वाजले की मधल्या भिंतीवरून हाक यायची, "मॅडम, राख." पहिल्या दिवशी मी डबाभर दिली, तर त्यांनी ती माझ्यादेखत चाळली.

एके दिवशी सकाळी रेघ मोडलेली निघाली. काकांनी अर्धी गल्ली गोळा केली. आमच्या यांनी वाकून पाहिलं आणि सांगितलं, "काका, कुत्र्याचे पाय आहेत."

"ते मलेबी दिसते," काका म्हणाले. "पन त्याले पाठवलं कोनं?"

काका तालुक्याच्या बाजार समितीत मापारी होते. शेतकऱ्याचं पोतं काट्याला लावायचं आणि वजन मोठ्याने पुकारायचं, हे काम त्यांनी तीसेक वर्षं केलं. काकू गेल्या, मुलगी सासरी नांदते आहे, घरात एकटेच. पण काटा मनातून उतरला नव्हता. भाजीवाली म्हणाली, "अर्धा किलो आहे," की काका म्हणणार, "तोंडानं मोजू नको." डॉक्टर म्हणाले, "ताप कमी दिसतोय," तर त्यांनाही तेच. मी एकदा सहज म्हटलं, "काका, बस स्टँड इथून एक किलोमीटर असेल ना?" तर ते चष्म्यावरून माझ्याकडे पाहत म्हणाले, "तोंडानं मोजू नका, मॅडम."

या माणसाने एके दिवशी जाहीर केलं की घराला एक खोली जोडायची आहे. बँकेतली ठेव पिकली होती, साडेतीन लाख. खोली त्यात बसली पाहिजे, रुपया वर नाही, आणि मृग लागायच्या आत स्लॅब पडला पाहिजे. ठेव संपली की मागे काही नव्हतं. मापाऱ्याला पेन्शन नसते.

अंदाजपत्रकासाठी ते माझ्याकडे आले, कारण माझी वही. दोन वर्षांपूर्वी आम्ही स्वयंपाकघर वाढवलं तेव्हा मी खिळ्यांपासून रंगापर्यंत सगळं लिहून ठेवलं होतं, आणि शेवटी अंदाज आणि खर्च यांत फक्त अकराशेचा फरक पडला. शाळेत मी जशी पोषण आहाराची नोंद ठेवते तशीच घराची ठेवते. गल्लीत ती वही तीन घरांनी वाचायला नेली आहे.

"लांबी-रुंदी सांगा," मी म्हटलं.

"बारा बाय दहा."

मी लिहिलं. विटा, सिमेंट, गज, वाळू, खडी, मिस्त्री, सेंटरिंग, वायरिंग, रंग. तेवीस ओळी झाल्या. बेरीज गेली तीन लाख ब्याण्णव हजारांवर. मी सुचवलं, स्लॅबऐवजी टिन टाका, पंचेचाळीस हजार वाचतील.

"टिन नाही. टिनाखाली दुपारी मानूस भाजते."

"दुपारी तुम्ही कधी घरात असता? पारावर असता."

"स्लॅब लिवा," काका म्हणाले. मग इकडेतिकडे पाहून आवाज खाली आणला. "आन दार चार फुटाचं लिवा. खिडकी रस्त्याकून. जमिनीपासून एक फूट आठ इंचावर. उंबरठा नको."

मी पेन थांबवलं. "चार फुटांचं दार कशाला?"

"लिवा ना."

तिथून माझ्या मनात शंका शिरली. आमची झोपायची खोली आणि काकांची होणारी खोली यांच्यामध्ये एकच भिंत. चार फुटांचं दार माणसांसाठी नसतं. उंबरठा नको, म्हणजे काहीतरी ढकलत आत न्यायचं आहे. रस्त्याकडे खिडकी, म्हणजे गिऱ्हाईक. मी रात्रीच्या जेवणाला यांना निकाल सांगितला, "काका चक्की टाकत आहेत. पिठाची."

"भाडेकरू ठेवत असतील," हे म्हणाले.

"भाडेकरूला चार फुटांचं दार? म्हैस आहे का ती?"

"मग खिडकी एवढी खाली कशाला? बसून दळणार आहेत का?"

खिडकीचं मी बाजूला ठेवलं. पण सकाळी सहा वाजता उशाशी घरघर सुरू झालेली मला ऐकू येऊ लागली. मी वहीच्या मागच्या पानावर वेगळी यादी सुरू केली. दार. उंबरठा. खिडकी. स्लॅब, म्हणजे वरून पाणी गळून पीठ भिजू नये. सगळं जुळत होतं.

शेवटी भिंतीवरून विचारलंच, "काका, चक्की टाकता का?"

"कोन म्हनलं?"

"कोणी नाही. मीच विचारते."

"कोनी म्हनल्याबिगर तुमी काऊन इचारसान?" आणि पुढचे आठ दिवस ते गल्लीत चक्कीची बातमी कोणी फोडली याचा शोध घेत राहिले. नसलेल्या चक्कीची की असलेल्या, हे मला तेव्हाही कळलं नाही.

मिस्त्री ठरवायचं काम महिनाभर चाललं. पाच जण आले. प्रत्येकाला काका चहा पाजायचे, "बारा बाय दहा" सांगायचे, आणि तो गेला की नाव खोडायचे. मला वाटायचं दरावरून बिनसतं. सहावा आला रऊफ मिस्त्री, लोणारचा. काका म्हणाले, "बारा बाय दहा." त्याने ऐकलं न ऐकलंसं केलं, खिशातून टेप काढला, एक टोक काकांच्याच हातात दिलं आणि मागे मागे चालत गेला.

"काका, हे तं अकराच भरून राह्यलं. वरतून भिंतीची जाडी काढा."

काकांचा चेहरा लग्नघरासारखा उजळला. "बस. काम तुह्यं!"

मी भिंतीपलीकडून हे ऐकत होते. "काका, म्हणजे जागा अकराच फूट होती? मला बारा का सांगितलंत?"

"पारखाले," काका शांतपणे म्हणाले. "तुमी तरी कुठं टेप लावला, मॅडम?"

माझ्या तेवीसच्या तेवीस ओळी चुकल्या होत्या. वाळूचा ढीग मिस्त्रीच्या आधीच दारात येऊन पडला होता; दोन दिवस मी त्याला राख दिली नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः टेप घेऊन गेले, मोजलं, आणि नवी यादी केली. बेरीज आली तीन लाख अठ्ठावन्न हजार. "आठ हजार वर जातात," मी म्हटलं. "दार तीन फुटांचं करा. तयार मिळतं. चार फुटांचं घडवून घ्यावं लागतं."

"दाराले हात लावू नका."

काम सुरू झालं. काकांनी अंगणातल्या लिंबाखाली तीन बांबूंची तिकटी उभी केली आणि बाजार समितीतून निवृत्त होताना विकत घेतलेला जुना लोखंडी काटा तिला टांगला. सिमेंटचं प्रत्येक पोतं त्यावर चढायचं. एक पोतं पन्नास किलो दोनशे ग्रॅम भरलं. मला वाटलं, आता खूश होतील.

"जास्त काऊन भरलं?" काका पोत्याभोवती फिरले. "कोनी फुकट देत नसते. पानी लागलं असंन याले."

विटा आल्या तेव्हा दोन दोन विटा एकमेकींवर आपटून, कानाशी धरून घेतल्या. शंभरेक झाल्यावर रऊफ मिस्त्री कंटाळला. "काका, भिंत बांधाची का गानं बसवाचं?"

"तू बोलू नको. तुह्या मानसानं काल सळईचा तुकडा नेला."

"तो तुकडा मीच तुमच्या खाटंखाली ठेवला ना, तुमीच ठेव म्हनले!"

काका आत जाऊन पाहून आले. "हाव," म्हणाले. "पन इंचभर कमी वाटते."

सज्ज्यापर्यंत भिंत आली आणि वाळू महागली. वर जाणाऱ्या आठ हजारांचे सतरा झाले. स्लॅब अडला. रऊफने हात जोडून सांगितलं, "काका, दार लहान करा नाहीतं टिन टाका. दोन्ही नाही जमत." मृगाला पंधरा दिवस होते. त्या दिवशी काका राख न्यायला आले तेव्हा नुसता डबा घेतला, चाळली नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आले तर लिंबाखाली तिकटी रिकामी. काटा नाही, वजनं नाहीत. भिंतीला टेकलेली सायकल नाही. काकांच्या बोटातली अंगठी नाही.

"काटा कुठं गेला?" मी विचारलं.

"देल्ला."

"तुमचा काटा? आणि आता सिमेंट कसं मोजणार?"

"स्लॅबाले लागनारं सारं मोजून झालं," एवढंच म्हणून ते घरात गेले.

माणूस चक्कीसाठी अंगठी विकतो, हे माझ्या हिशेबात बसेना. चक्कीवाल्याला काटा तर आधी लागतो. मागच्या पानावरची माझी यादी मी पुन्हा वाचली. सगळं जुळत होतं आणि काहीच जुळत नव्हतं.

स्लॅब मृगाच्या चार दिवस आधी पडला. सेंटरिंग निघालं, दार बसलं. आणि एका रविवारी दुपारी लोणारकडून एक टेम्पो आला. मी भिंतीशी उभी राहिले. यंत्र बघायचंच होतं मला.

टेम्पोत खाट होती. खाटेवर माणूस होता. साठीचा, रुंद खांद्यांचा, कमरेपासून खाली चादर. रऊफ आणि टेम्पोवाल्याने खाट उचलली, काका पुढे उलटे चालत, "सावकाश, सावकाश," करत. खाट दारातून आत गेली. दोन्ही बाजूंना चार चार बोटं जागा राहिली.

मी आमच्याकडून पाणी घेऊन गेले. काका बाहेर ओट्यावर बसले होते. विचारायची गरज पडली नाही.

"हा सुखदेव," ते म्हणाले. "माह्या काट्यावरचा हमाल. बारा वर्सं पोते यानं उचलले, मी मोजले. एक दिवस एका शेतकऱ्याच्या मालात पोत्यामागं दोन दोन किलो कमी येऊन राह्यले. मी साऱ्या बाजारात म्हनलो, सुखदेवचा हात हाय याच्यात. हा एक सबद बोलला नाही. खांद्यावरचा पंचा झटकला, गेला. मंग बांधकामावर गेला जालन्याले. तिथं परांचीवरून पडला, तवापासून खाटंवरच हाय." ते पाणी प्यायले नाहीत, पेला हातात फिरवत राहिले. "दोन महिन्यांनं काटा तपासनीले गेला. काटाच खोटा निंघाला, मॅडम. माहा. मी गुपचूप दुरुस्त करून आनला. कोनाले सांगितलं नाही."

"त्यांना?"

"आता सांगितलं, चार महिने झाले. बहीन गेली त्याची, भाच्याच्या ओसरीवर टिनाखाली पडला होता. मी गेलो, सांगितलं. तं हासला. म्हने, मले तवाच माहीत होतं. काटा खोटा हाय हे पोतं पाठीवर घेतलं की समजते." काकांनी पेला ओट्यावर ठेवला. "मी म्हनलो, मंग बोलला काऊन नाही बे? तं म्हने, तू इचारलंच कुठं."

आतून आवाज आला, "शेषराव!"

आम्ही आत गेलो. सुखदेवभाऊ उशीवर मान उचलून खिडकीकडे बघत होते. बाहेर रस्ता होता, पण त्यांना बहुधा लिंबाचा शेंडाच दिसत असावा.

"खिडकी दोन बोटं वर झाली," ते म्हणाले. "रस्ता नाही दिसत."

मी रऊफ मिस्त्रीकडे पाहिलं. बिचारा दोन पावलं मागे सरकला. एक फूट आठ इंच त्याने तीनदा मोजलं होतं, तिन्ही वेळा काका टेपचं दुसरं टोक धरून होते. आता टेप निघणार, खाट मोजली जाणार, खिडकी मोजली जाणार, आणि संध्याकाळपर्यंत कोणीतरी चोर ठरणार, याची मला खात्री होती. काकांच्या सदऱ्याच्या खिशातून टेप दिसतही होता.

काकांनी टेपला हात लावला नाही. बाहेर गेले आणि उरलेल्या विटांतून चार विटा घेऊन आले. आपटून पाहिल्या नाहीत. रऊफने एकेक कोपरा उचलला, काकांनी वाकून एकेका पायाखाली वीट आडवी सरकवली.

"आता?"

"हाव," सुखदेवभाऊ म्हणाले. "आता दिसते."

त्या दिवशी पाच वाजले, साडेपाच वाजले, हाक आली नाही. उरलेली वाळू बाहेर तशीच उघडी पडली होती. मी आपली चाळलेली राख डब्यात भरून भिंतीशी गेले. काका खिडकीबाहेर ओट्यावर बसले होते, आतल्याशी काहीतरी बोलत.

"काका, राख."

त्यांनी वळून पाहिलं. एरवीचाच संशयी चेहरा केला, पण तो नीट जमला नाही.

"राहू द्या, मॅडम," ते म्हणाले. "आता वाळूवर नजर ठेवाले खिडकीत मानूस बसवला."