बशी झाकलेला कप

माझी बायको मृदुला गेल्यानंतर तिने रंगवलेल्या चित्रातल्या प्रतीकांचे अर्थ माझ्या नावावर करून घ्यावे लागतील, हे मला एका मंगळवारी सकाळी मेथी निवडताना कळलं. ही बातमी घेऊन अर्थ-पडताळणी विभागाचे केळुसकर स्वतः घरी आले होते. दाराशी चपला काढून ते थेट चित्रासमोर जाऊन उभे राहिले.

चित्र विश्वाचं आहे. हॉलची एक भिंत त्यातच जाते.

"ज्याचा अर्थ वारसाला सांगता येत नाही, ते प्रतीक आजच काढून न्यावं लागतं," केळुसकर म्हणाले. "नाइलाज आहे, सर."

"कुठे नेता?"

"गोदामात. तिथेही आता दाटीवाटीच झाली आहे म्हणा."

आम्ही शनीपासून सुरुवात केली. त्याच्याभोवती कड्याऐवजी चुंबळ होती, हंड्याखाली डोक्यावर ठेवतात तशी.

"भार," मी म्हणालो.

"बरोबर," शनी म्हणाला. "मान अवघडली आहे."

आकाशगंगेच्या जागी शेगडीवरून उतू गेलेलं दूध होतं. मी समृद्धी असं सांगितलं.

"कसली समृद्धी?" दूध म्हणालं. "बाई फोनवर बोलत बसल्या होत्या."

"मग निष्काळजीपणा लिहू का?" केळुसकरांनी विचारलं. "विश्वाला चालतो. बऱ्याच घरी तोच आहे."

मी हो म्हणालो. मृदुला असती तर भांडली असती.

ताऱ्यांमधल्या शिडीसाठी मी मोक्ष सुचवला. यंदाचे मोक्ष संपले होते. मग पंखा पुसणं असं ठरलं. शिडीला ते जास्त पटलं.

सगळ्यात खाली, जिथे एकही तारा नाही, तिथे एक कप होता. त्यावर बशी झाकलेली. कुणाला यायला उशीर होणार असला की आमच्याकडे चहा असाच झाकून ठेवतात.

"हा कुणासाठी?" केळुसकरांनी विचारलं.

मला माहीत नव्हतं. कपालाही नव्हतं. "मला झाकलं आणि त्या उठून गेल्या," तो म्हणाला. "पुढचं मला कुणी सांगितलं नाही."

केळुसकरांनी आवाज खाली आणला. "मृत्यू लिहू? कोपरा आहे, काळोख आहे. लगेच मंजूर होईल."

"अहो, माझ्यात चहा आहे!" कप म्हणाला. "काहीतरीच काय बोलता?"

केळुसकर ओशाळले. "मग बशी उचलून बघा, सर. चहा गरम असेल तर वाट पाहणं. गार असेल तर शेवट. दोन्हींची सोय आहे. पण उचलायची वारसानेच."

मी चित्रात हात घातला. बशीच्या कडेला निळ्या रंगाचा ठसा होता, मृदुलाच्या अंगठ्याचा. बशी कोमट होती. किंवा माझा हात असेल.

"नाही उचलली तर?"

"तर पाहणी अपुरी राहते."

"अपुऱ्या पाहणीवर कप नेता येतो?"

त्यांनी हातातले कागद उलटसुलट चाळले. "नाही नेता येत," ते शेवटी म्हणाले. "पण मग मला परत यावं लागेल. दर मंगळवारी."

"या ना. आता चहा घेता का?"

"तो नको," ते घाईघाईने म्हणाले.

मी आत जाऊन दुसरा केला.

केळुसकर आता दर मंगळवारी येतात. चपला काढता काढताच विचारतात, "उचलली का, सर?"

बशी मी अजून उचललेली नाही.