साठ भाकऱ्यांची आठ हजार पावलं

मी चालत नाही, ही गोष्ट मी कधी लपवून ठेवलेली नाही. आमच्या गल्लीच्या तोंडाला पानपट्टी आहे, घरापासून मोजून चाळीस पावलं. तिथंही मी स्कूटर काढतो. (तिथं लावायला जागा नसली तर पुढच्या चौकात लावून पानपट्टीपर्यंत चालत परत येतो, ते वेगळं.)

तर झालं असं, की आमच्या बियाणं कंपनीच्या ऑफिसात सगळ्यांची तपासणी झाली आणि माझी साखर काठावर निघाली. एचआरच्या अंकिता मॅडमनी, वय वर्षं सव्वीस, खुर्चीला चिकटलेल्या आम्हा बारा जणांना मनगटावर बांधायचा एकेक पट्टा दिला आणि मोबाईलमध्ये ॲप घालून दिलं. रोज आठ हजार पावलं! दर हजाराला पट्टा थरथरणार आणि घरच्या एका माणसाच्या मोबाईलवर निरोप जाणार. घरचं माणूस म्हणून मी बायकोचा नंबर दिला. इथंच माती खाल्ली.

"तीस दिवस, रोज आठ हजार," शिवलीला म्हणाली. "एक दिवस जरी चुकला, तर स्कूटर माझी."

"आणि मी ऑफिसला कसा जाऊ?"

"पाय हायत की री!" (हे 'री' म्हणजे कानडीतलं 'अहो'.)

शिवलीलाचा कडक भाकरीचा धंदा आहे. ज्वारीची पातळ भाकरी, वर तीळ, वाळवून पापडासारखी कडक. पार पुण्यापर्यंत ऑर्डरी जातात. गावातल्या गिऱ्हाइकांकडं माल पोचवायला तिला स्कूटर हवी होती, कधीपासून डोळा होता तिचा. पण मी चिडलो होतो. "मंजूर!" म्हणून बसलो.

शनिवारी सराव म्हणून सिद्धेश्वर तलावावर गेलो. अकराशे पावलं झाली आणि बाक दिसला. बाकाशेजारी भज्यांची गाडी होती. असल्या ठिकाणी भज्यांची गाडी लावायला परवानगी देतंच कोण, मला कळत नाही. स्कूटर गेली, असं मनात म्हणतच मी दुसरी प्लेट मागवली.

सोमवारी, म्हणजे पहिल्याच दिवशी, शिवलीलाची मदतनीस फुलाबाई कमळाभवानीच्या दर्शनाला करमाळ्याला गेलेली. ऑर्डर साठ भाकऱ्यांची, आणि शिवलीलाचा खांदा धरलेला.

"मी भाजते, तुमी थापा," ती म्हणाली.

मी परातीपुढं मांडी घातली. पहिली भाकरी कर्नाटकाच्या नकाशासारखी झाली. दुसरी फाटली. आठवी थापताना मनगटावर काहीतरी थरथरलं. पाहतो तर पट्टा! 'शाब्बास! एक हजार पावलं पूर्ण.'

डाव्या हातात सासऱ्यांनी लग्नात दिलेलं घड्याळ असतं, म्हणून पट्टा उजव्या हातात होता. थापणारा हात तोच. ते येडं यंत्र प्रत्येक थाप एक पाऊल म्हणून मोजत होतं! साठावी भाकरी संपली तेव्हा मांडी न सोडता माझी आठ हजार पावलं झाली होती. पाठ मोडली होती, पण असा आनंद मला बारावी पास झालो तेव्हाही झाला नव्हता.

दोन दिवसांनी फुलाबाई परत आली. मी परात सोडेना.

"साहेब, सरका की. मला बी काम करू द्या."

"तू भाज. थापणार मी."

"वैनी, साहेबांला काय झालंय वो?"

"काय न्हाय," शिवलीला दुसरीकडं तोंड करून म्हणाली. "थापू दे."

मग रोज पहाटे पीठ, परात आणि मी. ऑफिसच्या यादीत माझं नाव पहिलं. शेजारच्या टेबलावरचा भारत, जो खरोखर चालतो, तो माझ्या बुटांकडं संशयानं बघायला लागला. "चनबसप्पा, चालतोस कुठं तू? दिसत नाहीस कधी." मी म्हणालो, "आतल्या बाजूनं जातो." (हे खोटं नव्हतं.)

एकोणतिसाव्या दिवशी अंकिता मॅडमनी जाहीर केलं, "उद्या सकाळी सहाला सगळ्यांनी तलावाला फेऱ्या मारायच्या. पुढं चनबसप्पा सर!"

तिसावा दिवस होता आणि सकाळची भाकरी हुकणार होती. ही आठ हजार पावलं पायांनी काढायची होती, आणि तीही सगळ्यांसमोर.

पहिल्या फेरीत मी पुढं होतो. दुसरीत मधे. तिसरी सुरू झाली आणि पायांनी राजीनामा दिला. त्याच बाकावर बसलो. पट्ट्यावर एकतीसशे. सगळी मंडळी गोळा झाली, कोण पाणी पाजतंय, कोण वारा घालतंय.

तेवढ्यात मी लोकलाजेस्तव घरी ठेवून आलेली माझीच स्कूटर समोर येऊन थांबली. वर शिवलीला, पुढं भाकऱ्यांचा डबा.

"म्हटलं, मंडळी भुकेली असतील," तिनं सगळ्यांना शेंगाचटणीबरोबर भाकरी वाटली आणि कौतुकानं म्हणाली, "कालपातूर सगळ्या ह्यांनीच थापल्यात की! रोज साठ! मांडी घालून!"

अंकिता मॅडमनी भाकरीकडं पाहिलं, मग माझ्या उजव्या मनगटाकडं. भारत इतका हसला की त्याला ठसका लागला. मला तलावात उडी मारावीशी वाटली, पण काठापर्यंत चालायची ताकद नव्हती.

"तुला माहीत होतं?" मी हळूच विचारलं.

"पहिल्याच दिवशी. आठ भाकऱ्या झाल्या की माझा मोबाईल वाजायचा. खांद्याला तेवढाच आराम. कशाला बोलू?"

"अगं, मग अजून दिवस आहे! घरी जाऊन थापतो. एकोणपन्नासशे, म्हणजे सदतीस-अडतीस भाकऱ्या..."

"फुलाबाईनं सगळं पीठ संपवलं," ती म्हणाली आणि किल्ली कमरेला खोचली.

आता मी ऑफिसला चालत जातो. खरोखरच्या पायांनी, उन्हातान्हात, जाऊन-येऊन साडेचार हजार पावलं. पहिला आठवडा मी असा काही घामाघूम होऊन पुरा केला की, ॲप माझी पाठ थोपटेल, निदान एखादं फूल तरी दाखवेल, अशी अपेक्षा होती. शनिवारी पट्टा थरथरला. मी छाती फुगवून वाचलं:

'तुमची हालचाल फार कमी झाली आहे. आजारी आहात का?'

स्वयंपाकघरात शिवलीलाचाही मोबाईल वाजला. लगेच आतून हाक आली, "री, या लवकर! पीठ मळून ठेवलंय."