परबकाका आणि आकाशातला माल

आमच्या चाळीतले परबकाका रोज संध्याकाळी सहाला आकाशाची हजेरी घ्यायला गच्चीवर जातात. एका हातात लांबट वही, दुसऱ्या हातात दुर्बीण, खिशात दोन पेनं आणि डोक्यावर माकडटोपी. टोपी मे महिन्यातही असते. "वरसून कोण बघत असला तर टक्कल चमकता ना गो," हे त्यांचं स्पष्टीकरण. शत्रूला आपला ठावठिकाणा कळू नये, एवढाच उद्देश.

मी मूळची दादरची. लग्न होऊन कॉटन ग्रीनला आले तेव्हा सासूबाईंनी घर दाखवता दाखवता सांगितलं, "ही मोरी, हा माळा, आणि वर गच्चीत परबभावजी. ते उडत्या तबकड्या मोजतात." नळाची वेळ सांगावी तितक्या सहज सांगितलं. मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. काचपट्टीवर दिसेल तेवढंच खरं, हा माझा बाणा. त्यामुळे पहिल्या आठवड्यातच मी मनाशी ठरवलं की या गृहस्थांपासून चार हात लांब राहायचं. ते जमलं नाही, कारण आमची कपडे वाळत घालायची दोरी गच्चीतच होती.

काका गोदीत टॅली क्लार्क होते. बोटीतून उतरणारा माल मोजायचा, ही नोकरी. बोटीचा माणूस मोजणार, गोदीचा माणूस मोजणार, आणि दोघांच्या सह्या झाल्या की माल उतरला असं धरायचं. एकच सही असेल तर पेटी धक्क्यावर डोळ्यांसमोर पडलेली असली तरी कागदावर ती अजून बोटीतच. "दोन सह्या नाय, तर माल नाय," हे काकांचं वेदवाक्य. आयुष्यभर समुद्राला लावलेला हा नियम त्यांनी म्हातारपणी आकाशाला लावला.

वहीतले रकानेही गोदीतलेच. वेळ, नग, आकार, कुठून, कुठे, माल कोणाचा, आणि शेवटी दोन सह्यांची जागा. एकदा मी उभ्या उभ्या एक ओळ वाचली : "नग एक. गोल. शिवडीकडून धक्क्याकडे. आवाज नाही. पॅकिंग सुस्थितीत." मी हसू दाबत विचारलं, "पॅकिंग कसं कळलं काका?" तर म्हणाले, "गळत नव्हता."

खरी मेख 'माल कोणाचा' या रकान्यात होती. काकांच्या मते ओळख न पटलेली वस्तू दोघांपैकी एकाची असते, देशाची नाहीतर देवाची. "देशाचा असला तर मिल्ट्री बघीत. देवाचा असला तर आपण बघूक व्हया." शत्रूचा माल देशाच्या रकान्यात जाई, शेजारी लाल शाईत 'तातडीचे'. मग काका खाली येऊन पोलीस ठाण्याला फोन करत. तिथे त्यांचा आवाज इतका ओळखीचा झाला होता की पलीकडून आधी "जेवलात का काका?" असं विचारत.

या फोनांपैकी एक मात्र खरोखरच लागू पडला. समोरच्या हॉलमध्ये लग्न होतं आणि नवरदेवाच्या एंट्रीसाठी ड्रोन उडवला होता. काकांनी कळवलं : "गोदीच्या रोखाने परका माल, नग एक, पंखे चार." हवालदार आले. परवानगी नव्हतीच, त्यात गोदी जवळ. ड्रोन खाली उतरवला, आणि नवरदेव बिचारा साधा चालत आला. हवालदार जेवूनच गेले. जाताना त्यांनी काकांना कडक सॅल्यूट ठोकला. त्यानंतर महिनाभर काका जिन्यातसुद्धा छाती काढून चढत होते.

बाकी वेळा फजितीच. दिवाळीत आमच्या मंडळाने माणूसभर उंचीचा आकाशकंदील केला. सोसाट्याच्या वाऱ्याने दोरी तुटली आणि तो दिव्यासकट वायर तोडून उडाला. काकांनी नोंद केली, फोन केला, अख्खी चाळ खाली उभी राहून पोट धरून हसली. दुसऱ्या दिवशी त्या ओळीवर काट मारून बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, "माल आपलाच निघाला." चूक लपवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. निदान मला तसं वाटायचं.

देवाच्या रकान्याबद्दल मात्र त्यांचं मन मोठं होतं. गोदीतले त्यांचे जुने सोबती डिमेलो म्हणायचे, हे देवदूत. नाक्यावरचे इस्माईलचाचा म्हणायचे, जिन्न. पहिल्या मजल्यावरचे गुरुजी सांगायचे, देवांची विमानं, पुराणात स्पष्ट आहे. काका सगळ्यांचं म्हणणं शेऱ्यात लिहून घेत. त्यांचं स्वतःचं मत वेगळं होतं. कोकणात गावाच्या वेशीवर राखणदार असतो, तो रात्रंदिवस हद्दीवर फेऱ्या घालतो. गाव पोटासाठी मुंबईला आलं, तर राखणदार काय तिकडे एकटा बसेल? "मिल्ट्रीचो रडार खालचो," काका बोट वर करून सांगत, "ह्यो वरचो."

म्हणून वर्षातून एकदा ते पाण्याच्या टाकीवर नारळ ठेवून राखणदाराला गाऱ्हाणं घालत. गाऱ्हाणं म्हणजे देवाशी मोठ्याने बोलायचं, आणि प्रत्येक वाक्यानंतर जमलेल्यांनी "व्हय म्हाराजा" म्हणायचं. कोणी हो म्हणणारं नसेल तर ते पोचत नाही म्हणे. इथेही दोन सह्या आल्याच! चाळीतली मंडळी खोबऱ्याच्या आशेने जमत आणि उगाच जास्त जोरात ओरडत. मी दोरीपाशी कपडे काढत उभी असायची. मी कधी म्हटलं नाही.

पण खरं सांगते, त्या गच्चीने मला वर बघायला लावलं. कपडे काढताना मान आपोआप वर जाऊ लागली. शिवडीच्या खाडीवरून फ्लेमिंगोंचा थवा वळतो तेव्हा सगळं आभाळ एकदम गुलाबी उलटतं. आठ वर्षं मी ते डोक्यावर घेऊन घरात स्वयंपाक करत होते, आणि मला पत्ता नव्हता. काकांनी तोही थवा नोंदवला होता. "नग असंख्य. माल देवाचा." इथे मी वाद घातला नाही.

यंदाच्या फेब्रुवारीतली गोष्ट. सूर्य नुकताच बुडाला होता. मी चादरीची घडी घालत होते, काका कठड्यापाशी. एकाएकी कावळे गप्प झाले. मी वर पाहिलं.

गोदामांच्या छपरांवर, खाडीच्या बाजूला, एक उजेड उभा होता. उभाच म्हणायला हवं, कारण तो हलत नव्हता. ताटाएवढा, दुधट, कडा अगदी स्वच्छ. लुकलुकणं नाही, आवाज नाही. विमान मी ओळखते, ड्रोन ओळखते, चंद्र त्या दिवशी उशिरा उगवणार होता. मी काचपट्टीवर बघते तसं बघितलं, एकेक शक्यता बाद करत. शेवटी एकही उरली नाही. अंगावर सर्रकन काटा आला. भीती वाटली नाही. आपण फार लहान आहोत आणि तरीही आपल्याला हे दाखवलं जातंय, असं काहीसं वाटलं. मग तो उजेड सरळ वर गेला, लहान लहान होत, आणि संपला. कावळे पुन्हा सुरू झाले.

काका आता वर बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"बघलंस?"

त्यांनी वही पुढे केली. त्यांची सही झालेली होती, शेजारची जागा रिकामी. आणि मला लॅब दिसली. जेवणाच्या सुट्टीत हसणाऱ्या मैत्रिणी दिसल्या, नवऱ्याची टिंगल ऐकू आली. चाळीतले दुसरे परबकाका! मी चादर छातीशी धरून म्हटलं, "नाही हो काका. मी घडी घालत होते. नीट दिसलं नाही."

ते रागावले नाहीत. वही मिटून हळूच म्हणाले, "असांदे गो बाय. मिया पण असाच म्हटलंय तेव्हा."

मग त्यांनी सांगितलं. त्यांची बायको इंदूकाकी हयात असताना, याच गच्चीत, दोघं सुकत घातलेल्या मिरच्या गोळा करत होती. काकीला असाच उजेड दिसला. ती भाबडेपणाने सगळ्यांना सांगत सुटली. तेव्हा सरहद्दीवर तणाव होता. गोदीजवळचं प्रकरण म्हणून साध्या वेशातले दोन साहेब चौकशीला आले. काकीने जे पाहिलं ते सांगितलं. साहेबांनी काकांना विचारलं, "तुम्ही बरोबर होतात ना?" काकांच्या डोळ्यांसमोर गोदीचा गेट पास आला. तो गेला तर नोकरी गेली. ते म्हणाले, "मी मिरच्या भरत होतो. मला काही दिसलं नाही."

"मग?" मी विचारलं.

मगे काय. काकी चाळीत 'तबकडीवाली' झाली. पोरं चिडवायची, तीही हसायची. काकांना तिने एका शब्दाने विचारलं नाही. ती गेल्यावर, तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी, काकांनी ही वही सुरू केली.

त्यांनी पहिलं पान उघडलं. पहिली ओळ काकीची होती. नग एक. गोल. दुधट. सहीच्या जागी रेशनच्या जुन्या अर्जावरून कापून चिकटवलेली तिची वाकडी सही. दुसरी जागा कोरी.

"तुम्ही का नाही केलीत सही?"

"खोटी साक्ष दिलेल्याची सही चालत नाय."

मला माझी अतोनात लाज वाटली. मी त्यांच्या खिशातलं दुसरं पेन काढलं, आजच्या ओळीवर पूर्ण नाव लिहून सही केली आणि म्हटलं, "खोटी साक्ष मी पण आत्ताच दिली, काका. ही चालते की नाही ते सांगा."

त्यांनी ती सही टॅली क्लार्कने तपासावी तशी तपासली. मग म्हणाले, "चालता."

त्यांनी पहिलं पान पुन्हा उघडलं. काकीच्या सहीशेजारी सही केली, 'वा. ग. परब', ठळक, गोदीतल्यासारखी. नंतर माकडटोपी काढून कठड्यावर ठेवली आणि खाडीकडे तोंड करून, नारळ नाही, मंडळी नाहीत, असेच हात जोडले.

"बा देवा राखणदारा म्हाराजा, माज्या इंदून बघितल्यान ता खरा होता म्हाराजा..."

आणि थांबले. गच्चीत आम्ही दोघंच होतो.

"व्हय म्हाराजा," मी म्हटलं.