श्वासाच्या खोलीत सर

खोलीचे जाड दार बंद होण्यापूर्वी सरांनी उंबऱ्यावर उभे राहून छोटेसे भाषण केले. छोटेसे म्हणजे त्यांच्या मानाने छोटेसे. दाराच्या मुठीवर ठेवलेला तंत्रज्ञाचा हात बराच वेळ तसाच राहिला.

"संशोधकानं आधी स्वतःचं शरीर पुढे करावं," सर म्हणाले, "आणि मिताहारी माणसाला त्यात भ्यायचं काय कारण?"

"पुरे आता, आत जा," सरांच्या पत्नी, काकू, म्हणाल्या. "त्यांना तुमचा श्वास मोजायचाय. सगळा इथंच संपवाल."

चौकशीबाईने खाली बघून हसू दाबले. हे नाव तिला विद्यापीठातल्या सोबत्यांनी दिले होते, आणि चार वर्षे घरोघरी जाऊन 'काल काय काय खाल्लंत?' असे विचारत फिरणाऱ्या मुलीला ते शोभतही होते. सरांच्या हाताखाली चाललेल्या तिच्या प्रबंधाचा सगळा डोलारा एका पद्धतीवर उभा होता. प्रत्येकाला तीनदा विचारायचे. पहिल्यांदा सरळ. दुसऱ्यांदा, सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री मिटेपर्यंत त्याच्याबरोबर अख्खा दिवस पुन्हा फिरून. आणि तिसऱ्यांदा हळूच, सहज आठवल्यासारखे, "आणि मध्ये काही?" उभ्याउभ्या तोंडात टाकलेली बिस्किटे, मुलांच्या ताटातले उरलेले, डब्याच्या तळाचे चूर, हे सारे या 'मध्ये'त सापडते, आणि तीनदा विचारल्यावर माणूस काही लपवत नाही, असा तिचा सिद्धान्त होता.

पोषण आणि आरोग्य या विषयांतल्या परदेशी संस्था पाहण्यासाठी निघालेला त्यांचा अभ्यासदौरा आता शेवटाला आला होता. प्रत्येक संस्थेत भिंतीवर आदर्श ताटाचे तेच रंगीत चित्र होते, पडद्यावर तेच आलेख होते आणि पाहुण्यांपुढे बिनदुधाची कॉफी होती. पोषणावर संशोधन करणाऱ्या संस्थेत पाहुण्याला खायला मिळत नाही, हा या दौऱ्याचा आतापर्यंतचा एकमेव नवा निष्कर्ष होता.

ही संस्था मात्र वेगळी होती. इथल्या संचालिकाबाईंना एका मोठ्या पाहणीसाठी खाण्याची चौकशी करण्याची भरवशाची पद्धत हवी होती. पद्धत पटली तर चौकशीबाईला इथे दोन वर्षे काम मिळणार होते. न पटली तर परत जाऊन, शिष्यवृत्ती संपलेल्या अवस्थेत, प्रबंध कसाबसा बांधून द्यायचा. आदल्या संध्याकाळी सरांनी उत्साहाच्या भरात जाहीर केले, "अहो, पडताळा घ्या! तुमच्या त्या श्वासाच्या खोलीत मीच बसतो. संध्याकाळी ही मला विचारेल, आणि तुमचं यंत्र सांगेल मी खरं बोललो की नाही."

श्वासाची खोली म्हणजे पलंग, खुर्ची, टेबल आणि एक खिडकी असलेली हवाबंद खोली. आत बसलेला माणूस किती प्राणवायू घेतो आणि किती कार्बन डायऑक्साइड सोडतो हे यंत्र मोजते, आणि त्यावरून त्याचे शरीर साखर जाळते आहे की चरबी, ते बाहेरच्या पडद्यावरच्या रेषेत दिसते. साखर जाळू लागले की रेषा वर चढते.

"तुमच्याजवळ खाण्याचं काही नाही ना?" तंत्रज्ञाने विचारले.

"माझ्याजवळ?" सर इतक्या दुखावलेल्या स्वरात म्हणाले की तो ओशाळला. साध्या माणसांचे खिसे तपासण्याची तिथे पद्धत होती. प्राध्यापकांचे तपासण्याची नव्हती.

दार लागले. दुपारपर्यंत रेषा शहाण्या मुलासारखी सरळ चालली. भिंतीतल्या झडपेतून सरांना मोजून दिलेले जेवण गेले: उकडलेली अंडी आणि पालेभाजी, साखर जवळजवळ नाहीच. जेवण होताच सरांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

"वामकुक्षी," काकूंनी बाहेरच्यांना समजावले. त्या दौऱ्यात स्वखर्चाने आल्या होत्या आणि त्यांचे संशोधन एकाच विषयावर होते. यांची रक्तातली साखर. हॉटेलच्या काउंटरवरच्या चॉकलेटांच्या भांड्याजवळून जाताना त्या सरांच्या आणि भांड्याच्या मधून चालत.

थोड्या वेळाने रेषेने मान वर केली. मग ती चढू लागली, आणि चढतच गेली.

"हे कसं शक्य आहे?" तंत्रज्ञ पुटपुटला. "या जेवणानं असं होत नाही." त्याने दाराच्या रबराला हात लावून पाहिला. झडप दोनदा उघडून मिटून पाहिली. वायूचे सिलिंडर बदलले. रेषा चढतच राहिली. घाम पुसत त्याने संचालिकाबाईंना बोलावून आणले.

चौकशीबाई खिडकीपाशी गेली. पडदा एका कडेला बोटभर उघडा राहिला होता. आत सर भिंतीकडे तोंड करून खुर्चीत बसले होते. पाठ ताठ, हात मांडीवर, आणि उजवा गाल हलत होता. लयीत, सावकाश, जिभेने काहीतरी या दाढेकडून त्या दाढेकडे नेत. तो गाल तिच्या ओळखीचा होता. चार वर्षांच्या चर्चासत्रांत, दुसऱ्यांची व्याख्याने चालू असताना, तिने तो अनेकदा हलताना पाहिला होता. त्याला ती चिंतन समजत होती.

तिने भिंतीवरच्या ध्वनियंत्राचे बटण दाबले. "सर, सगळं ठीक आहे ना?"

"उत्तम!" आतून घोगरा, भरलेल्या तोंडाचा आवाज आला. "भूक अशी अजिबात नाही!"

"आवाज असा का येतोय ह्यांचा?" काकूंचे कान टवकारले.

"बंद खोली आहे ना काकू. घुमतो."

हे बोलून गेल्यावर तिला कळले की आपणही आता यात सामील झालो. खरे सांगावे तर सरांची अब्रू काकूंच्या देखत जाणार, आणि प्रबंधावर सही सरांचीच लागणार. शिवाय चार वर्षे सोबत असलेल्या मार्गदर्शकालाच जर खायचे लपवावेसे वाटते, तर अनोळखी माणसांनी सांगितलेल्याचा काय भरवसा? तिने ठरवले, संध्याकाळपर्यंत थांबू. तिसऱ्या प्रश्नाला सर सांगतीलच. सिद्धान्तच आहे तसा.

तोवर इकडे प्रकरण भलतेच वाढले. हे यंत्र चुकत असेल तर शेजारच्या खोलीतलेही चुकत असणार, असे तंत्रज्ञ म्हणाला, कारण नळी एकच होती. शेजारच्या खोलीतल्या बाईला अर्ध्या झोपेतून उठवून घरी पाठवण्यात आले. मग या महिन्यातल्या सगळ्याच नोंदी संशयित ठरल्या. संचालिकाबाईंचा चेहरा पांढरा पडला.

"चाळीस माणसं या खोल्यांतून दिवस दिवस पडून राहिली आहेत," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "त्यांना काय सांगू? फुकट झोपलात म्हणून? आणि पुढच्या आठवड्यात छापून येणारा लेख आजच थांबवावा लागेल."

संध्याकाळी सर प्रसन्न मुद्रेने बाहेर आले. काचेच्या भिंतींच्या बैठकीच्या खोलीत सगळे जमले. चौकशीबाई त्यांच्यासमोर बसली आणि तिने पहिल्यांदा विचारले.

"अंडी आणि पालेभाजी," सर म्हणाले.

दुसऱ्यांदा तिने त्यांना सकाळपासून हाताला धरून फिरवून आणले. दार लागले, खुर्चीत बसलात, जेवण आले, पडदा ओढलात, मग?

"मग मनन केलं."

तिने श्वास घेतला. "आणि सर, मध्ये काही?"

सरांनी तिच्याकडे पाहिले. मग तिच्या खांद्यावरून मागे, जिथे काकू हाताची घडी घालून उभ्या होत्या, तिथे पाहिले. "मध्ये," ते धीरगंभीरपणे म्हणाले, "घोटभर पाणी."

"म्हणजे यंत्रच," संचालिकाबाई म्हणाल्या आणि लेख थांबवायला त्यांनी फोन उचलला.

सरांची काकूंकडे गेलेली ती नजर चौकशीबाईने टिपली होती. "थांबा!" ती एकदम म्हणाली. "मला आणखी एकदा विचारायचंय. पण सगळ्यांनी बाहेर जायला हवं. काकू, तुम्हीसुद्धा."

"मी? मी काय खाल्लंय?"

"काही नाही काकू. पाचच मिनिटं."

"लग्नाला तीस वर्षं झाली," काकू जाताजाता म्हणाल्या, "बाहेर जा म्हणणारी पहिलीच भेटली."

दार बंद झाले. काचेपलीकडे काकूंची पाठ दिसत होती. चौकशीबाईने काहीच विचारले नाही, आणि सरांचे खांदे आपोआप खाली आले.

"चॉकलेटं," ते म्हणाले. "हॉटेलातली. मूठभर. म्हणजे दोन मुठी. रोज जिन्यानं उतरायचो, ही लिफ्टनं यायच्या आत."

"सर, इथं सगळं यंत्र मोडीत काढायला निघालेत!"

"मला काय माहीत ते श्वासात दिसतं? मी वास येऊ नये म्हणून वेलदोडासुद्धा खाल्ला." मग ते एकदम थकल्यासारखे दिसले. "मिताहारावर पंचवीस वर्षं बोलतोय गं. माणसं ऐकतात, टाळ्या वाजवतात. आता कुणाला सांगणार, की बोलून झालं की मला काहीतरी गोड खायला लागतंच?"

तिला त्यांची दया आली. अशी दया तिला चार वर्षांत कुणाचीच उत्तरे लिहून घेताना आली नव्हती.

"हिला सांगू नकोस," सर म्हणाले. "प्रबंधावर सही मी करायचीय, लक्षात असू दे."

"काकूंना नाही सांगत. संचालिकाबाईंना सांगावंच लागेल."

सरांनी काचेकडे पाहून होकारार्थी मान हलवली. जणू मोठा त्याग करत होते.

संचालिकाबाईंना आणि तंत्रज्ञाला आत बोलावले. तंत्रज्ञाने दोन मुठी चॉकलेटांचा हिशोब मांडला, रेषेशी ताडून पाहिला आणि आनंदाने टेबलावर थाप मारून तो यंत्राकडे धावला. यंत्र निर्दोष होते. चाळीस माणसे फुकट झोपली नव्हती. संचालिकाबाईंनी चौकशीबाईचे दोन्ही हात हातात घेतले.

"शाबास! माणूस एकटा असला की खरं सांगतो. साधी गोष्ट, पण आम्हाला सुचली नाही."

"माझीच विद्यार्थिनी," सर म्हणाले. त्यांचा रंग परत आला होता. "या पद्धतीनं आम्ही सहाशे माणसांची पाहणी केलीय. देऊन टाका तिला जागा."

"देणारच आहे. फक्त एक सांगा, त्या सहाशेंपैकी किती जणांना तुम्ही एकटं असताना विचारलंत?"

चौकशीबाईच्या डोळ्यांपुढून चार वर्षांतली घरे सरकली. सुनेला विचारताना दारात बसलेली सासू. नवऱ्याला विचारताना त्याच्याआधी उत्तर देणारी बायको. आजोबांना विचारताना 'नाही हो, ते असलं काही खात नाहीत' म्हणणारा मुलगा. सगळीकडे घरातले यच्चयावत लोक भोवती, आणि तीही मधोमध बसून, किती मोकळी माणसे आहेत म्हणून खूश.

"सगळ्यांना!" सर ठणकावून म्हणाले. "प्रत्येकाला एकांतात. आमच्या कामात तडजोड नसते."

संचालिकाबाईंनी सरांकडे पाहिले, मग चौकशीबाईकडे. मग त्या उठल्या आणि अतिशय नम्रपणे त्यांनी दार उघडून धरले.

"प्राध्यापकमहाशय," त्या म्हणाल्या, "तुम्ही जरा बाहेर थांबता का?"

सर बाहेर गेले. दार लागले.

"एकालाही नाही," चौकशीबाई म्हणाली. चार वर्षे पाण्यात गेल्याचे तिला त्या क्षणी कळले, आणि बोलून टाकल्यावर किती हलके वाटते तेही.

संचालिकाबाईंनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "सहाशे म्हणजे फार आहेत," त्या म्हणाल्या. "दोन वर्षांत पुन्हा विचारून होतील?"

"एकटं गाठायचं म्हणजे... तीन लागतील."

"तीन," त्यांनी मान डोलावली.

काचेपलीकडे काकूंनी सरांना काहीतरी विचारले. सर खांदे सरळ करून, हात उंचावून ऐटीत उत्तर देत होते. काकूंनी ते ऐकून घेतले, थोडे थांबल्या आणि मान किंचित तिरकी करून त्यांनी पुन्हा विचारले.