दारातून न जाणारा डोंगर

"यंदा आपल्या सगळ्यांचं सुट्टीचं जमणं तुमच्याकडे नको, माझ्याकडे," आत्याने फोनवर निकाल दिला. "तुम्ही दोघांनी नुसतं यायचं, खायचं, जायचं. तुझ्या बाबाला आता झेपणारे का हे सगळं?"

थोरलीच्या, म्हणजे बाबांच्या मोठ्या मुलीच्या, मांडीवर भूगोलाच्या चाळीस वह्या होत्या. फोन स्पीकरवर होता आणि समोरच्या खुर्चीत बाबा बसले होते. आई जाऊन नऊ महिने झाले होते. तेव्हापासून लोक बाबांशी इतकं हळू बोलत, की जणू शेजारच्या खोलीत कोणी नुकतंच झोपलं होतं. बाबाही सगळ्यांना एकच उत्तर देत, "हं." चहा हवा का, हं. चहा नको का, हं. पन्नास वर्षं लोकांच्या घरांना दारं-खिडक्या बसवणारा हा सुतार नऊ महिन्यांत परसातल्या आपल्या कामाच्या खोलीत एकदाही गेला नव्हता.

"बाबांना विचारते, आत्या."

"त्याला काय विचारायचं? तो हं म्हणेल."

"इथंच," बाबा म्हणाले.

आत्या ही बाबांची मोठी बहीण. तिला नाही म्हणणारं माणूस घराण्यात अजून जन्मायचं होतं.

"चौदा माणसांचं रांधणार कोण?" तिने विचारलं.

"रांधायचं नाहीच," थोरली घाईघाईने म्हणाली, कारण तिला स्वयंपाक येत नव्हता हे सगळ्यांना ठाऊक होतं. "शार्कुटरी बोर्ड करणारे मी."

"म्हणजे?"

"मोठ्या लाकडी फळीवर चीज, मांसाचे थंड काप, फळं, सुकामेवा, बिस्किटं असं सगळं सजवून मांडायचं. सणासुदीला काहीतरी थीम घेऊन करतात."

"म्हणजे पाहुण्यांना फळीवर जेवायला घालणार."

"फळीवरून, आत्या."

"बरं. साडेबाराला तुझी फळी हॉलच्या टेबलावर आली पाहिजे, धड. नाहीतर पुढच्या वर्षीपासून माझ्याकडे, आणि त्यावर मग वाद नको."

फोन ठेवल्यावर बाबा म्हणाले, "किती मोठी हवी?" नऊ महिन्यांतला हा त्यांचा पहिला प्रश्न होता. थोरलीने हात पसरून दाखवले. बाबांनी तिच्या हातांकडे पाहिलं, चपला घातल्या आणि परसात गेले.

पुढचे चार दिवस थोरली शाळेतून आली की घरात लाकडाचा भुसा आणि बाबा सापडत. फळ्या एकेक करून आत आल्या आणि आईच्या स्वयंपाकघरातल्या मधल्या टेबलावरच बाबांनी त्या सांधल्या, रंधा मारून गुळगुळीत केल्या, खाण्याच्या तेलाने पुसल्या. ते शीळ घालत होते. ती शीळ मोडेल या भीतीने थोरलीने फारसं काही विचारलं नाही. एकदाच विचारलं, "हॉलच्या टेबलावर बसेल ना?"

"बसेल."

"माप घेतलंय?"

"घेतलंय."

थीम काय घ्यायची याचा तिने फार विचार केला नाही. पंधरा वर्षं भूगोल शिकवणाऱ्या बाईला दुसरं काय सुचणार? सुट्टीच्या दिवशी सकाळी सातला तिने बर्फाळ डोंगर उभारायला घेतला. पिवळ्याधमक चीजचे कडे, त्यावर किसलेल्या पांढऱ्या चीजचा बर्फ, उतारावर रोझमेरीच्या सुगंधी पाल्याच्या काड्यांचं सूचिपर्णी अरण्य. पायथ्याशी बिस्किटांच्या घरांचं गाव, सलामीच्या, म्हणजे मांसाच्या पातळ कापांच्या, घड्यांची छपरं, काळ्या द्राक्षांचं सरोवर, आणि शिखरापासून सरोवरापर्यंत मधाची नदी. नदीला दोन उपनद्याही होत्या, कारण उपनद्यांशिवाय नदी काढणाऱ्या मुलाचे ती अर्धे गुण कापत असे. बारा वाजता तिने मागे सरून पाहिलं आणि तिला इतकं बरं वाटलं, की तिने तिथेच आईला हाक मारायला तोंड उघडलं. मग तोंडात एक बदाम टाकून ते बंद केलं.

सव्वाबाराला मंडळी आली. आत्या हॉलमधल्या सोफ्यावर नेहमीच्या जागी बसली आणि घड्याळाकडे तोंड करून राहिली. आत्याचा नवरा, म्हणजे आतोबा, नेहमीप्रमाणे उपाशी आले होते. थोरलीने धाकट्या भावाला आत बोलावलं. दोघांनी फळीची दोन टोकं धरली, एक, दोन, तीन म्हणत उचलली, दारापर्यंत गेले आणि थांबले.

"ताई," धाकटा म्हणाला, "दार लहान झालंय का गं?"

दार होतं तेवढंच होतं. फळी त्याच्यापेक्षा हातभर रुंद होती. वर्गात जी बाई प्रमाण न लिहिलेला नकाशा हातात घेत नसे, तिने चौदा माणसांचा डोंगर दार न मोजता बांधला होता. ज्याने मोजायला हवं होतं तो माणूस कोपऱ्यात स्टुलावर बसून ऑलिव्ह खात होता.

"बाबा, ही बाहेर जात नाहीये."

"हं," बाबा म्हणाले.

"लांबीकडून घालू," धाकटा म्हणाला.

"लांबी जास्तच असते रे, म्हणून तर तिला लांबी म्हणतात."

"मग थोडी तिरकी करू. अगदी थोडी."

तिरकी अगदी थोडीच केली. आधी नदीने सगळे नियम धाब्यावर बसवून पात्र सोडलं आणि ती गावात शिरली. मग अरण्य घसरलं. मग शिखर हललं, क्षणभर विचारात पडल्यासारखं थांबलं, आणि अख्खा हिमकडा बिस्किटांच्या वस्तीवर कोसळला. द्राक्षं टणाटणा उड्या मारत उंबरा ओलांडून हॉलमध्ये गेली. तेवढीच काय ती वेळेवर पोचली.

"काय झालं?" बाहेरून आत्या.

"भूस्खलन," धाकट्याने सांगितलं.

"किती वाजले बघा म्हणावं."

फळी पुन्हा टेबलावर टेकवली. थोरलीच्या हातांना कोपरापर्यंत मध लागला होता. बारा वीस झाले होते. "बाबा, दार काढा," ती म्हणाली. "तुम्ही काढू शकता. बिजागऱ्याच तर आहेत."

बाबा उठले. पेचकस आणायला परसात गेले आणि इतक्या सावकाश परतले, की मधल्या वेळात माणसाने एखादं दार नवीन बनवलं असतं. त्यांनी एकेक स्क्रू काढला, प्रत्येकाची चौकशी केल्यासारखा निरखला आणि खिशात ठेवला. दार निघालं. दोघांनी फळी पुन्हा उचलली.

"चौकट राहिली," बाबा म्हणाले. "चौकट भिंतीत आहे."

भिंतीवरच्या घड्याळात साडेबारा वाजले.

थोरली टेबलाला टेकून उभी राहिली. हॉलमध्ये आत्या उठेल, आत येईल, पाहील आणि गोड आवाजात म्हणेल, राहू दे गं. तो गोड आवाज तिला सहन झाला नसता. पण आत आले ते आतोबा, एका द्राक्षाच्या मागे वाकून. द्राक्ष त्यांनी उचललं, फुंकलं, खाल्लं. मग त्यांनी डोंगराकडे पाहिलं.

"हे असंच खायचं?"

"आतोबा, थांबा, मी बशांमध्ये काढून बाहेर..."

"बाहेर कशाला? डोंगर काय घरपोच येतो? आपण जातो डोंगरावर." आणि त्यांनी सलामीचं एक छप्पर उचकटून त्यात कड्याचा एक तुकडा गुंडाळला.

तोंड भरलेला माणूस दिसला की उरलेली माणसं हॉलमध्ये टिकत नाहीत. दार नव्हतंच, त्यामुळे आत येताना कोणी कोणाला अडवलं नाही. दहा मिनिटांत स्वयंपाकघरात तेरा माणसं मावली, जिथे एरवी तीन जण भांडल्याशिवाय उभे राहत नसत. कोणी ओट्यावर बसलं, कोणी पिठाच्या डब्यावर. धाकट्याची बायको खिडकीत बसून गाव वाटत होती.

"मला एक घर द्या, छपरासकट."

"नदीचा तो भाग कोणी घेऊ नका, त्यात ताईचं कोपर होतं."

"सरोवर कुठे गेलं?"

"सोफ्याखाली."

"अरे, पाणी आणा कोणीतरी," हॉलमधून आत्याची हाक आली.

कोणाला ऐकू गेलं नाही. पुन्हा हाक आली. तिसऱ्यांदा आली ती थोरलीने ऐकली, पण ती भिंत आणि आतोबा यांच्यामध्ये अडकलेली होती. चौथ्यांदा हाक आलीच नाही. आत्या स्वतःच चौकटीत येऊन उभी होती.

"तिकडे मी एकटी बसलेय," ती म्हणाली. "हाका मारतेय केव्हाची. कोणी ओ देत नाही."

बाबांनी स्टूल पुढे सरकवलं. "बस ताई."

"अरे, पन्नास वर्षं दारं बसवलीस तू. स्वतःच्या घरच्या दाराचं माप चुकलं तुझं?"

"नाही चुकलं."

थोरलीने वळून पाहिलं. बाबा रोझमेरीची एक काडी सोलत होते.

"साडेतीस इंच आहे दार. मीच बसवलंय. फळी अठ्ठेचाळीस केली."

"बाबा, मग बोललात का नाही?"

"बोललो असतो तर तू लहान करायला लावली असतीस." त्यांनी काडी खाली ठेवली. नऊ महिन्यांत ते एकदम एवढं बोलले नव्हते, त्यामुळे तोंड भरलेल्या लोकांनी चावणंसुद्धा थांबवलं. "दर वर्षी तुझ्या आईने इथं उभं राहायचं आणि आपण बाहेर बसून हाका मारायच्या. पाणी आण, अजून आण. चाळीस वर्षं. मीही मारायचो. यंदा म्हटलं, बाहेर काही जाताच कामा नये. ज्याला खायचंय तो येईल आत."

आतोबांनी घास हळूच गिळला, तरी तो सगळ्यांना ऐकू आला.

आत्या स्टुलावर बसली. तिने स्वतःच माठातून पाणी घेतलं, प्यायली, डोळ्यांना पदर लावला आणि मग उरलेल्या कड्यातून चांगला चार बोटं तुकडा कापला. तो संपेपर्यंत तिने मान वर केली नाही. संपल्यावर म्हणाली, "पुढच्या वर्षी वीतभर वाढव ही फळी. माझं कोपर सारखं नदीत जातंय."

बाबांनी खिशातून टेप काढली.

"कोणतं कोपर?"

"उजवं."

"ठेव इथं," बाबा म्हणाले, आणि आत्याने बाही वर करून कोपर डोंगरावर ठेवलं.