तिजानीच्या सापळ्यातला पाहुणा

आराम कसा करावा हे कुणीही आमच्या केर्केना बेटांवर येऊन शिकावं. आम्ही मासे पकडायला जात नाही. मासे आपण होऊन येऊन पडतील अशी व्यवस्था करतो आणि कॉफी प्यायला बसतो. म्हणूनच फिनलंडहून आलेला ओलावी नावाचा उंच, अबोल गृहस्थ बोटीतून उतरला आणि तोडक्यामोडक्या फ्रेंचमध्ये म्हणाला, "सगळ्या ट्युनिशियातली पडकी देवळं बघून झाली. आता एक दिवस मला काहीही करायचं नाही," तेव्हा मी छातीवर हात ठेवून म्हटलं, "साहेब, अगदी योग्य माणसाकडे आलात!"

पाहुण्यांसाठी मी समुद्राकडची खोली नुकतीच रंगवली होती आणि ओलावी तिचा पहिलाच पाहुणा. गावभर मी सांगत सुटलो होतो. बायकोनं, म्हणजे हल्लूमानं, पहाटेपासून ऑक्टोपसचं कुसकुस, म्हणजे वाफवलेल्या रव्याचं आमचं खास जेवण, चढवलं होतं. दुपारी पाहुणा माझ्या ओट्यावर बसून जेवणार आणि ते सगळं गाव बघणार, असा माझा बेत. गाव म्हणजे मुख्यतः शेजारचा तिजानी.

तिजानीशी मी कित्येक वर्षं बोलत नाही. आमचं बांधावरून भांडण आहे आणि तो बांध समुद्रात आहे. आमच्याकडे प्रत्येक घराचा समुद्रात वाटा असतो. त्यात खजुराच्या झावळ्या रोवून छातीएवढं कुंपण घालतात. मासा कुंपणाच्या कडेकडेनं जात जात शेवटी एका गोल खोलीत शिरतो आणि परत बाहेर पडायची वाट काही त्याला सापडत नाही. ही झाली शर्फिया. तिचा कायदा आजोबा-पणजोबांपासून एकच आहे: आत शिरलं ते मालकाचं. गेल्या हिवाळ्यात तिजानीच्या बायकोचं कपडे धुण्याचं लाकडी घमेलं वाहत वाहत माझ्या शर्फियात आलं. मी ते परत दिलं नाही. कायदा म्हणजे कायदा.

सकाळी ओहोटीच्या वेळी ओलावी पाण्यात उतरला. त्याला मी एवढंच बजावलं, "कुठंही फिरा, पाणी गुडघाभरच आहे. फक्त एकाही झावळीला धक्का लावू नका. इथं एका झावळीपायी सख्खे भाऊ बोलेनासे होतात."

मग मी गच्चीवर खुर्ची टाकून बसलो. लांबवर पाहुण्याची टोपी दिसत होती. बराच वेळ झाला तरी टोपी तिथंच.

"बघ," मी हल्लूमाला म्हटलं, "याला म्हणतात आराम. माणूस जागचा हलत नाही."

हल्लूमानं डोळ्यांवर हात धरला. "हलतोय की. गोल गोल फिरतोय."

"व्यायाम करत असेल. थंड मुलखातला माणूस."

"नूरी, तो तिजानीच्या शर्फियात अडकलाय."

मी धावलो. पण मी पोचेपर्यंत तिजानी टोपली घेऊन आत उभा होता. ओलावी त्याच्या शेजारी, पायांभोवती चार मुलेट मासे फिरताहेत आणि चेहरा शरमेनं लाल. बिचारा कुंपणाच्या कडेकडेनं गेला होता, अगदी माशासारखा. वाट सापडेना आणि झावळ्या मोडून बाहेर यायचं तर माझी ताकीद आड आली.

मी कुंपणाबाहेर थांबलो. तिजानीशी बोलायचं नाही, तेव्हा पाहुण्यालाच म्हटलं, "ओलावीसाहेब, या माणसाला सांगा, पाहुणा माझा आहे."

तिजानीही पाहुण्यालाच म्हणाला, "साहेब, त्या माणसाला सांगा, घमेलं माझं होतं."

ओलावीनं दोघांच्याही बोलण्यावर मान डोलावली.

शेवटी हाजी बूबकरना बोलवावं लागलं. गावातले सगळ्यात वयस्कर. समुद्राचे तंटे तेच तोडतात. कॉफीच्या दुकानातली खुर्ची घेऊन ते आले, ती पाण्यातच मांडली आणि बसले. "वादातला माल निवाडा होईपर्यंत पाण्याबाहेर काढायचा नाही," त्यांनी पहिलाच हुकूम सोडला. ओलावी तिथंच राहिला.

"हाजीकाका," मी म्हटलं, "माणूस म्हणजे मासा नव्हे. त्याला पाय आहेत."

"ऑक्टोपसला आठ आहेत," हाजीकाका म्हणाले. "तिजानीच्या शर्फियात शिरला तर कुणाचा?"

मी दुसरा मुद्दा काढला. "पण त्याची बॅग माझ्याकडे आहे."

"बॅग शर्फियात शिरली का? नाही ना? मग ती तुझी. पाहुणा जेवणार तिजानीकडे."

माझं नाक तिथंच पाण्यात पडलं. पहिला पाहुणा, रंगवलेली खोली, गावभर मारलेल्या गप्पा, आणि तो जेवणार तिजानीकडे! उद्या कॉफीच्या दुकानात तोंड कसं दाखवायचं?

एवढ्यात किनाऱ्यावरून हल्लूमा येताना दिसली. डोक्यावर कुसकुसची परात.

"तुमचा कायदा तुम्ही चघळत बसा," ती म्हणाली. "माझं कुसकुस गार होतंय आणि पाहुणा उपाशी आहे." आणि माझ्या डोळ्यांदेखत ती शर्फियाच्या तोंडातून सरळ आत गेली.

"हाजीकाका," तिजानी हळूच म्हणाला, "परातसुद्धा आत आली."

"आली खरी."

"आणि माझी बायको?" मी ओरडलो.

"मला कुणी पकडलेलं नाही," हल्लूमा म्हणाली. "मी जेवायला आलेय. काका, ती खुर्ची द्या इकडे, परात ठेवायला."

न्यायाधीशालाही भूक लागतेच. खुर्चीसकट हाजीकाका आत गेले. खुर्चीवर परात आणि भोवती गुडघाभर पाण्यात चौघं. ओलावीनं पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा बोलला. "सुंदर व्यवस्था," तो मला कुंपणावरून म्हणाला. "तुम्ही येत नाही?"

मी आपला कुंपणाबाहेर. झावळ्यांमधून ऑक्टोपसचा वास येत होता. पहाटेपासून पोटात कॉफीखेरीज काही नव्हतं. हल्लूमा माझ्याकडे बघतसुद्धा नव्हती आणि तिजानी माझ्या वाटचा तुकडा उचलत होता.

मी विजार वर ओढली, कुंपणाच्या कडेकडेनं निघालो आणि तोंडातून आत शिरलो. तिजानीनं चमचा खाली ठेवला आणि मला आपादमस्तक न्याहाळलं. मग इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्याकडे बघत बोलला.

"हाजीकाका, हा फारच लहान आहे. लहान मासा आपण परत सोडून देतो ना?"

हाजीकाका विचारात पडले.

"राहू दे, तिजानी," हल्लूमा माझ्या हातात चमचा देत म्हणाली. "होईल मोठा."